दीडची कक्षा

शलाकाचं एकटीचं अंतराळ स्थानक तिच्या गावावरून, गडहिंग्लजवरून जायचं तेव्हा खाली नेहमी दुपारचा दीड वाजलेला असे. पृथ्वी किती उष्णता परत सोडते, ते रोज एकाच वेळी मोजलं तरच वर्षावर्षांची तुलना करता येते. बाकीच्यांना सगळ्या प्रहरांतून फिरणारी कक्षा हवी होती. मोहिमेच्या समितीत भांडून शलाकाने हीच घ्यायला लावली.

घरी बोलता यायचं ते गावावरून जातानाच. आईला आता सकाळी माणसं ओळखू येत, दुपार चढली की नाही. चार वर्षं ती रोज विचारायची, "कोण बोलतंय?"

कक्षा मात्र हळूहळू सरकत होती. आज गावावर आली तेव्हा खाली एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"शलू? जेवलीस का गं?" आईने विचारलं.

"जेवले गं," शलाका म्हणाली.

"ताई, ओळखलं तिने," भाऊ निरंजन म्हणाला. "कक्षा अशीच सरकू दे ना."

"वीस मिनिटांच्या वर सरकू द्यायची नाही. नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच."

संपर्क तुटल्यावर तिने इंजिन चालू केलं. दोन महिन्यांत वेळ पूर्ववत झाली.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

शलाकाने आधी वेळ नोंदवली, बरोबर दीड. मग नाव सांगितलं.