गुरुजींचा कान

“एकट्याने खेळायचे शूटर गेम म्हणजे आरशासमोर उभं राहून भांडण,” गुरुजी माइकमध्ये म्हणाले. “ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याने गोळ्या तरी कशाला झाडाव्यात? घरी बसून मटार सोलावेत.”

“तूसुद्धा घरीच बसलायस की,” पलीकडून आत्या म्हणाली. “प्रवचन पुरे. जिन्यावर लक्ष ठेव.”

गुरुजी काही शाळेतले नव्हते. लिफ्ट दुरुस्त करायचे. पण खेळताना उपदेशाचं तोंड बंद होत नसे, म्हणून हे नाव पडलं. आत्याही कुणाची आत्या नव्हती. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, एकटी राहणारी, कानांनी जवळजवळ बहिरी. हेडफोनचा आवाज कळसाला नेला की मात्र तिला सगळं ऐकू यायचं. तीन वर्षं दोघं इंटरनेटवर जोडीने खेळत होते, एकमेकांचं तोंडही न पाहता. ती नेम धरायची, गुरुजी कान लावायचे. त्या कानाची ख्याती अशी, की शत्रूने दोन मजले खाली मिशीला पीळ दिला तर गुरुजी सांगायचे, डाव्या मिशीला.

सुट्टीची दुपार होती. दोघं खेळातल्या लोखंडी गोदामात दबा धरून बसले होते. इतक्यात फळी करकरली.

गुरुजींनी माउसवरचा हात उचलला. लोखंडी गोदामात फळी कुठली?

“आत्या, तुझ्या घरात जमीन लाकडी आहे?”

“आहे की. का?”

“घरी कोण आहे?”

“मी आणि फ्रिज. दोघांत बोलका तो.”

पुन्हा करकर. मग बुटाची जड टाच टेकल्याचा आवाज. आत्याच्या माइकमधून तो थेट गुरुजींच्या कानात येत होता, आणि ती मात्र हेडफोनच्या आत बंद.

“आत्या, थट्टा नाही करत. तुझ्या घरात कुणीतरी चालतंय.”

हेडफोन काढल्याची खरखर झाली. थोड्या वेळाने पुन्हा घातल्याची झाली.

“मला काहीच ऐकू येत नाही रे,” ती कुजबुजली. “तूच ऐक.”

गुरुजींनी फोन उचलला. पोलिसांना सांगणार काय? बाईंचं नाव, आत्या. गाव, विचारलं नाही कधी.

“पत्ता सांग, पटकन.”

“पत्ता काय सांगत बसू? तो कुठून येतोय ते सांग. दोन दारं आहेत मला. डावीकडे स्वयंपाकघरातून मागचं, उजवीकडे पॅसेजमधून पुढचं. बोल ना!”

गुरुजींनी डोळे मिटले. पावलं होती. हलकी, दबकी, डाव्या कानात. मघाची टाच जड होती, ही पावलं हलकी कशी, असं क्षणभर त्यांच्या मनात आलंही. ‘नक्की कळत नाही,’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तीन वर्षांत जी जीभ एकदाही ‘माहीत नाही’ म्हणाली नव्हती, ती आज कशी वळणार?

“डावीकडे आहे. उजव्या दाराने नीघ.”

“नक्की?”

“माझा कान आहे, आत्या.”

“मग झालं तर.”

हेडफोन टेबलावर ठेवल्याचा टक आवाज आला. आता फक्त तिचं घर ऐकायचं, म्हणून गुरुजींनी खेळाचा आवाज शून्यावर आणला.

डाव्या कानातली पावलं बंद पडली.

ती पावलं खेळातली होती. गोदामाबाहेर फेऱ्या मारणाऱ्या शत्रूच्या कुठल्याशा शिपायाची. आत्याच्या घरातली जड टाच अजून वाजतच होती, दोन्ही कानांत सारखीच, ना डावी ना उजवी. वाजणारच. खेळ दोन कानांत वेगवेगळं ऐकवतो. आत्याचा माइक एकच. त्याला दिशा कुठली ठाऊक?

“आत्या! थांब! मागे फीर!”

गुरुजी असे ओरडले, की शेजारणीने पलीकडून भिंत ठोकली. तिकडे टेबलावरच्या हेडफोनमधून तो आवाज फार तर चिलटासारखा गुणगुणला असेल. आत्या बहिरी, आणि त्यांच्या शब्दावर निर्धास्त, उजव्या दाराकडे निघाली होती.

कडी वाजली. जड पावलं थांबली.

मग काहीच नाही. फ्रिज तेवढा गुरगुरत होता.

“आत्या?” गुरुजींनी विचारलं. पुन्हा विचारलं. हातातल्या फोनचा पडदा उजळला, विझला. शेवटी देवाशप्पथ यापुढे उपदेश करणार नाही, असंही ते माइकमध्ये बोलून गेले.

बऱ्याच वेळाने पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी बसलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, गोदामात एका जागी खिळून उभा असलेला आत्याचा शिपाई हलला.

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. “अगं, किती घाबरवतेस! बोल काहीतरी!”

शिपायाने आधी छताकडे बघितलं. मग थेट स्वतःच्या बुटांकडे. दोन पावलं टाकून तो भिंतीवर आदळला आणि तिथेच, भिंतीला नाक लावून, चालत राहिला. माउस पहिल्यांदाच हातात धरणाऱ्याचा शिपाई असाच चालतो. मग तो हळूहळू वळला, आणि समोर गुरुजींचा शिपाई दिसल्यावर थांबला.