पऱ्हाटीचा डिंक

घाटंजीच्या दीपानं पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, भुगा शिजवला, जिवाणूंना चारला आणि आइस्क्रीम घट्ट करणारा डिंक काढला. आज यवतमाळहून पहिलं गिऱ्हाईक आलं होतं. आइस्क्रीमवाल्या शेठनं चिमूटभर पूड पाण्यात घोळली, बोटानं चाखली आणि खुशीत वर्षभराचा माल मागितला. मग त्याची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली.

"चहा घ्या, भाऊ," दीपा म्हणाली.

"नको, नको. आत्ताच पिऊन आलो."

ही सबब जन्मभर ऐकलेल्या तिच्या आईनं, मथुराबाईनं, आधण दोघींपुरतंच ठेवलं होतं.

दीपानं समोरचा डिंकाचा पुडा उचलून परत डब्यात टाकला. "माह्या हातचा डिंक चालते, तं चहाही चालन. नाहीतं दोन्ही राहू द्या."

"जाऊ दे न वं," आई कुजबुजली, "पहिलंच गिऱ्हाईक हाये."

"माय, जिवाणूनं गावभरची पऱ्हाटी खाल्ली. कोणाच्या वावरातली म्हून एकदा तरी इचारलं काय त्यानं?"

शेठ जागचा उठला नाही. मथुराबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं, आधणात आणखी कपभर पाणी ओतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"साखर किती टाकू, भाऊ?"