चिबडातल्या आसरा

पाकळी पुन्हा खाली पडली. उजवीकडं नाही, डावीकडं नाही. सरळ खाली, प्रश्न अजून तोंडात असतानाच.

धुरपदाबाईनं ती उचलली. आसरांना, पाण्यातल्या सात देवींना, कौल लावायचा मान तिच्या घराण्याचा. कण्हेरीची पाकळी दगडाला लावायची, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिच्या उभ्या हयातीत कुठल्या पाकळीनं असा आगाऊपणा केला नव्हता.

उत्तरेश्वर सरपंच आसरांच्या ओट्यासमोर हात जोडून बसला होता. मागं सगळं गाव, आणि गावामागं नबीलालची भरलेली बैलगाडी. गाडीत त्याची बायको जमिलाबी पोरांना घेऊन बसलेली. गावातल्या विहिरींना तळ लागला होता. आसरांनी पाण्याचा होकार दिला तर गाडीची बैलं सोडायची, नाहीतर धाराशिवला भावाकडं हाकायची, असं नबीलालनं ठरवलं होतं. त्याची गाडी हलली की अर्धं गाव हलणार, हे सरपंचाला ठाऊक होतं.

"जरा लवकर विचारा, सरपंच," नबीलाल म्हणाला. "बैलं उन्हात हायत."

निजामाचं राज्य गेलं, जिल्हा मुंबई राज्यात गेला; साती आसरा मात्र गावाखालच्या चिबडातच राहिल्या होत्या. बारमाही ओल, लव्हाळे, बेडूक, करकोचे आणि चिखल. अशी जमीन पडीक ठेवणं हा देशद्रोह आहे, असं तालुक्याच्या सभेत कुणीसं सांगितलं. सरपंचाला ते चटकन पटलं, कारण चिबडाला लागून शेत त्याचंच होतं. अंधश्रद्धेचा बंदोबस्त त्यानं मोठ्या श्रद्धेनं केला. आसरांचा रीतसर कौल घेतला. उजवा मिळाला. सातही दगड वाजतगाजत, तेरखेड्याची शोभेची दारू उडवत, शाळेजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर आणून बसवले. मग चर खणून चिबडाचं पाणी ओढ्याला काढून दिलं. पहिल्या साली तिथं पुरुषभर ज्वारी आली.

पाऊस पूर्वीइतकाच पडत होता. पण आता तो दुपारी आला की दिवेलागणीपर्यंत चरातून गावाबाहेर पडलेला असायचा. करकोचे मात्र हिवाळ्यात नेमानं आले. कोरड्या रानात, गुडघाभर पाण्यातून चालावं तसे पाय उचलून चालत राहिले. सरपंचानं गोफण फिरवली, तरी उडाले नाहीत. तेव्हापासून तोही त्या रानात शिरला की धोतर वर धरायचा. कुणी पाहिलंच तर काटे लागतात म्हणायचा.

धुरपदाबाईनं पाकळी पुन्हा लावली. आसरा कोपल्यात का, असं सरपंचानं विचारलं. पडली. नवी विहीर कुठं खणू, असं विचारलं. पडली. मागं कुजबुज उठली, कोपच हाय. सरपंचाला उलट हायसं वाटलं. कोपाला नारळ चालतो, बोकड चालतो.

नबीलालनं कासरा हातात घेतला.

तेव्हा सरपंचानं तो प्रश्न विचारला, जो तो दोन उन्हाळे गिळत आला होता. आवाज एवढा खाली गेला की पुढं बसलेल्यांनाच ऐकू आला. "आयांनो, चर बुजवतो. ज्वारीचं रान सोडलं. चिबड तुमचं तुम्हाला परत. पाणी यील का?"

पाकळी पडली.

"मावशी, आता आणखी काय देऊ?" त्याचा धीर सुटला. "बोलत का न्हाईत त्या?"

धुरपदाबाईनं दगडावरून तळवा फिरवला. तळव्याला पांढरी धूळ लागली. तो तळवा तिनं सरपंचापुढं धरला.

"कोप न्हाय, बाबा," ती म्हणाली. "चिबडात ह्यो दगुड अंगचाच वला असायचा, म्हणून पाकळी चिकटायची. हितं त्यास्नी काय इचारायचं, तर आदी वाईच पाणी लागतंय. बघ, कुणाकडं हाय का."