ईदच्या दुसऱ्या दिवशी

"कोकरांचे कान बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी कापायचे. जखमेत कधी अळ्या पडणार नाहीत," एवढं सांगून हद्दूचे वडील गेले. ॲटलासच्या डोंगरात कळपाची खूण कानावरच असते. बापाचा शब्द म्हणून हद्दूने चौदा वर्षं दिवस चुकवला नाही. तरी अलीकडे कापलेल्या कानांत अळ्या वळवळू लागल्या. तीन वर्षांपूर्वी पहिली कोकरं दगावली तेव्हा विधवा वहिनीची, इत्तोची, नजर लागली म्हणून घरच्यांनी तिला माहेरी हाकललं. यंदा तर अकरा कोकरं गेली.

शेवटी जनावरांची डॉक्टरीण आली. चिमट्याने अळ्या काढता काढता तिने वडिलांचा नियम ऐकून घेतला आणि विचारलं, "काका, वडील गेले त्या वर्षी ईद कधी होती?"

"भर थंडीत. अंगणात गुडघाभर बर्फ होतं."

"आणि यंदा?"

हद्दू कपाळावरचा घाम पुसता पुसता थांबला.

"ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, काका. जखमेत अंडी घालणारी माशी नाही सरकत, ती उन्हाळ्यातच येते. थंडी पडल्यावर कान कापा, एवढी साधी गोष्ट घरात कुणीच बोललं नाही?"



"इत्तो वहिनी बोलली होती," हद्दू मान खाली घालून म्हणाला, "कान कापायच्या आदल्या दिवशी. म्हणून तर नजर तिचीच लागली असं ठरलं."