घरचं विरजण

खोटं असेल तर जीभ झडो! जिवाणूची जनुकं चालू-बंद करणारं ते प्रथिन भलतं हट्टी. तीन वर्षांत आमच्या संशोधक मृण्मयीला त्याचा एक धड स्फटिक मिळेना आणि स्फटिकाशिवाय आकार कळेना. सोमवारी तिचे सर काम बंद करणार होते.

"वामनमामा, संपलं हो," ती रडवेली झाली.

मी प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा. म्हटलं, "अगं, विरजणाशिवाय दही लागतं होय?"

ती उठलीच! जुन्या फुटक्या स्फटिकाचा चुरा तिने विरजण म्हणून माझ्या मांजराच्या गळलेल्या मिशीने प्रथिनाच्या नव्या थेंबांना लावला.

सोमवारी थेंबाथेंबात लखलखीत स्फटिक! सर एवढे नाचले, की वेधशाळेत भूकंपाची नोंद झाली.

आकार उलगडला. शोधनिबंधात तिने 'विरजण' असंच लिहिलं, तेव्हा परदेशातून विचारणा आली, "कुठल्या कंपनीचं?"

मी कळवलं, "घरचं!"