लक्ष्मीवर पाय

सकाळी अकरा वाजता रुख्मिणीबाई आदिलाबादच्या एका दवाखान्यातल्या काट्यावर चढल्या. काटा ब्याऐंशीवर थांबला. साल १९९४. पोळा नुकताच झाला होता.

"गर्भाशयात गाठ आहे, काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण या वजनावर भूल देणं धोक्याचं. पंचाहत्तरवर या, मग तारीख देतो."

"येते," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

इचोड्यात त्यांचे पती चंपतराव यांचं कापूस खरेदीचं दुकान होतं. घर दुकानाच्या मागेच. शेजारच्या पंचफुलाबाई शाळेत शिकवत. रोज सारखंच कमी खाल्लं तर शरीर सरावतं आणि वजन अडून बसतं, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. एक दिवस पोटभर, एक दिवस निम्मं. शरीराला अंदाज लागू द्यायचा नाही.

"हे खरं हाय का पण?"

"पेपरात तर आलं. खरं का खोटं, ते तुमी करून सांगा वहिनी."

दुसऱ्याच दिवशी सुरुवात झाली. भरल्या दिवशी भाकरी, वरण, भात. हलक्या दिवशी अर्धी भाकर, पालेभाजी, ताक. महालक्ष्म्यांचं जेवण नेमकं हलक्या दिवशी आलं. पुरणपोळीचं ताट रुख्मिणीबाईंनी नमस्कार करून परत पाठवलं.

"एक दिवस एकादशी, एक दिवस बारस," सासूबाई मथुराबाई म्हणाल्या. "अशानं चरबी जाते का वो कुठं?"

"जाईन आत्याबाई."

"पोलकं तर तेवढंच घट्ट दिसते."

मधे वजन करायचं नाही, असं ठरलं होतं. आकडा पाहिला की मन खचतं, असं पंचफुलाबाईंचं म्हणणं. पाहायचं ते एकदाच, दिवाळीला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चंपतराव न्हाणीत होते. दुकानातला कापूस तोलायचा मोठा काटा पूजेसाठी पुसून ठेवला होता. रुख्मिणीबाई त्यावर उभ्या राहिल्या.

"खाली उतर!" चंपतराव ओल्या अंगानं दारात उभे होते. "सणाच्या दिवशी लक्ष्मीवर पाय ठेवते?"

"चुकलं. पण चौऱ्याहत्तर भरली हो मी!"

चंपतरावांनी काट्याकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"बरं झालं," ते म्हणाले. काट्याला हळदकुंकू त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं लावलं.

"भाऊबीज झाली का दवाखान्यात जाते."

"घाई काऊन करून राह्यली? हंगाम होऊ दे. संक्रांतीनंतर मीच नेतो."

"गाठ हंगामासाठी थांबते का?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंना घेऊन त्या सकाळच्या बसनं निघाल्या. चंपतराव तोलाईत होते. त्यांना कळलं तेव्हा बस सुटली होती.

दुपारी तीनला दोघी परतल्या. कापसाच्या गाड्यांची रांग दुकानापासून हमरस्त्यापर्यंत गेली होती. पहिली गाडी नागोरावांची. मोतीराम हमाल तिच्यावरचं बोचकं उतरवत होता.

"काय वहिनी," नागोराव म्हणाले, "भेटली का तारीख?"

रुख्मिणीबाई काट्यापाशी आल्या. चपला काढल्या, हात जोडले आणि वर चढल्या.

"अवो, तोलाई चालू हाय," चंपतराव गादीवरून उठले. "सरक तिथून."

"मोतीराम, वाच."

मोतीरामनं बोचकं खाली ठेवलं. "चौऱ्याहत्तर, बाई."

"मोठ्यानं."

"चौऱ्याहत्तर!"

रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. "वहिनी, निम्म्याच राह्यल्या तुमी," नागोराव हसले. "मालक उपाशी ठेवते का?"

"आज दवाखान्याच्या काट्यावर मी ऐंशी भरली, भाऊ," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्या काट्यावरून उतरल्या नाहीत.