एसीचं पाणी

दुकानाच्या काउंटरवर पाच एलईडी टॉर्च पेटत्या होत्या. मेव्हण्याला शेजारी उभे करून हणमंत मिस्त्रीने खिशातल्या बाटलीतून ब्रेक ऑइलचा एक थेंब पांढऱ्या सनमायकावर सोडला, शेजारी पाण्याचा, आणि एकेक टॉर्च दोन्हींवर धरू लागला.

"ही घ्या, मिस्त्री. हिच्याइतका उजेड दुसरीला नाही," दुकानदार म्हणाला.

"उजेड घेऊन काय करू? रंग कळला पाहिजे."

गेल्या महिन्यात गॅरेजमधल्या एका गाडीखाली थेंब गळत होते. मेव्हण्याने टॉर्च मारून सांगितले, एसीचं पाणी आहे. ती गाडी पुढे घाटात ब्रेक दाबूनही थांबलीच नाही, आतले तिघे गेले. टॉर्चच्या निळसर उजेडाने दगा दिला, तेल पाण्यासारखं दिसलं, असे मेव्हणा तेव्हापासून शपथेवर सांगत होता. त्या एका शब्दाच्या आधारानेच हणमंतला झोप येत होती.

"आमच्याकडं होती तसली एक काढा," त्याने जुन्या टॉर्चचे नाव सांगितले.

"कशाला दाजी? फेकून दिली की ती," मेव्हणा पुटपुटला.

दुकानदाराने ती स्वस्तातली टॉर्च पेटवली. तिच्या निळसर उजेडात पाणी पाण्यासारखेच राहिले. तेलाचा थेंब मात्र कावीळ झालेल्या डोळ्यासारखा पिवळा उठून दिसला. हणमंत मेव्हण्याकडे वळला.

"त्या दिवशी तू गाडीखाली वाकला तरी होतास का रं?"

मेव्हण्याने हात पुढे करून ती टॉर्च विझवली आणि दुकानाची पायरी उतरून तो चालू लागला.